टोकाचे चार मिलिमीटर

चांगल्या स्क्रूड्रायव्हरचं सगळं मोठेपण टोकाच्या शेवटच्या चार मिलिमीटरांत असतं. मूठ, दांडा, पेटी, पेटीवरची छपाई हे सगळं त्याच्यामागून येतं. दुकानात मात्र आपली नजर नेमकी उलटी चालते. आधी पेटी आवडते, मग मूठ हातात धरून बघितली जाते, आणि टोकाकडे लक्ष जातं ते वर्कशॉपमध्ये पहिल्या स्क्रूची खाच चेपल्यावर. म्हणून इथे सुरुवात टोकापासून करतो. मुठीकडे सावकाश जाऊ.

जालन्यात बसून या विषयावर लिहायला कारण आहे. हे लोखंडाचं गाव. एमआयडीसीत भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन फर्नेसमध्ये वितळतं, त्याचे बिलेट पडतात, आणि ते लालबुंद बिलेट एकामागून एक स्टँडमधून दाबले जात जात बांधकामाची सळई होऊन बाहेर येतात. बघणाऱ्याचे डोळे त्या लाल धारेवर खिळतात. मेंटेनन्सच्या माणसाला मात्र ठाऊक असतं की ती धार पलीकडच्या खोलीतल्या पॅनलच्या जिवावर वाहते आहे, आणि पॅनल उभं आहे ते लहान लहान स्क्रूंच्या जिवावर. कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलचा एक स्क्रू जरासा सैल राहिला की तिथला विरोध वाढतो, जोड तापतो, तार काळी पडते, तापण्या-थंड होण्याने स्क्रू आणखी सैल होतो, आणि एखाद्या दुपारी मोटार बसते. बिलेट स्टँडमध्येच अडकतो. पुढचे काही तास गॅसकटरने ते थंड झालेलं लोखंड कापून काढण्यात जातात. एवढं सगळं एका स्क्रूवर, आणि तो ज्या टोकाने आवळला त्या टोकावर.

आणि मिल हे एकच ठिकाण नव्हे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली तेव्हापासून जालना बियाण्यांचंही गाव झालं. बी चाळणाऱ्या आणि प्रतवारी लावणाऱ्या यंत्रांच्या जाळ्या पिकागणिक बदलाव्या लागतात, म्हणजे पुन्हा स्क्रू आलेच. कापसाच्या हंगामात जिनिंग, बारमाही मोटार रिवाइंडिंगची दुकानं, अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागांतले पंपांचे स्टार्टर, रस्त्याकडेची मोटारसायकलची गॅरेजं. या प्रत्येकाचा स्क्रू वेगळा, म्हणून प्रत्येकाचा संचही थोडा वेगळा असायला हवा. एकच पेटी सगळ्यांना चालते हा समज दुकानदारांच्या सोयीचा आहे.

आता एक नग हातात घेऊ. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा, दीडशे मिलिमीटर दांड्याचा चपटा स्क्रूड्रायव्हर. वर्कशॉपमध्ये सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत जास्त हाल सोसणारा. चांगल्या कंपनीचा असेल तर मुठीवर किंवा दांड्यावर दोन आकडे सापडतात: १.२ × ६.५. बहुतेक जण दुसरा आकडा वाचतात, म्हणजे रुंदी. खरा अर्थ पहिल्या आकड्यात आहे. ती टोकाची जाडी. चार मिलिमीटरच्या, म्हणजे एम-४ मापाच्या गोल चपट्या डोक्याच्या स्क्रूची खाच प्रमाणानुसार १.२ मिलिमीटर रुंद असते आणि डोक्याचा व्यास ७ मिलिमीटर. म्हणजे हे टोक खाचेत उतरलं की जाडीला जागा उरत नाही, आणि रुंदीला दोन्ही बाजूंनी पाव पाव मिलिमीटर मोकळं राहतं. खाच भरून जाते, पण टोक डोक्याबाहेर येऊन आजूबाजूचा पत्रा खरवडत नाही. कुणीतरी स्क्रूकडे बघून हे टोक आखलंय आणि टोकाकडे बघून स्क्रू, हे त्या दोन आकड्यांत दिसतं. ०.८ × ४, १ × ५.५, १.६ × १० या जोड्याही अशाच जुळवलेल्या आहेत. या मापांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ २३८०. आपल्याकडे भारतीय मानक आहे.

आता हाच स्क्रू ०.८ जाडीच्या टोकाने आवळून बघा. टोक खाचेत खुळखुळतं, फिरवताना तिरपं होतं आणि खाचेच्या भिंतींना फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतं. सगळा जोर त्या दोन बिंदूंवर. पितळी टर्मिनलचा स्क्रू असेल तर दोन-तीन वेळांतच खाचेचे काठ उलटतात. माणूस म्हणतो स्क्रू हलका निघाला. बहुतेक वेळा स्क्रूचा काही दोष नसतो.

जाडी बरोबर असूनही टोक वाईट असू शकतं, आणि इथे पारख करणाऱ्याचा खरा कस लागतो. स्क्रूड्रायव्हर डोळ्यांसमोर आडवा धरा, कडेने बघा. स्वस्त टोक पाचरीसारखं दिसतं, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. खाचेच्या भिंती मात्र सरळ, समांतर असतात. पाचर सरळ खाचेत घातली की ती फक्त तोंडाशी टेकते. खाली पोकळी राहते. फिरवायला जोर लावला की त्यातला काही भाग टोकाला वर ढकलण्यात खर्च होतो. मग हात वरून दाबत राहतो, मनगट दुखतं, आणि एका क्षणी टोक उसळून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात घुसतं. चांगल्या टोकाच्या दोन्ही बाजू शेवटच्या काही मिलिमीटरांत समांतर असतात. त्याहून चांगल्या टोकात त्या आतल्या बाजूला किंचित खोलगट घासलेल्या असतात, त्यामुळे खाचेच्या तळाशी, जिथे धातू सर्वांत मजबूत असतो, तिथे टोक घट्ट बसतं. असं टोक खाचेत सोडलं की ते आपोआप सरळ उभं राहतं. हाताला ते बसणं कळतं. त्यानंतर फिरवायला जोर लागतो, दाबायला नाही.

जवळून आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे टोकाचे कोपरे. ते काटकोनी आणि तीक्ष्ण हवेत. नवीन असतानाच गोलसर असतील तर दुसरा नग मागावा, आणि तोही तसाच असेल तर दुसरं दुकान गाठावं. दुसरी म्हणजे मुलामा. दांड्यावर क्रोमचा चकचकीत मुलामा शोभतो, गंज थांबवतो. पण तोच मुलामा टोकावर असेल तर टोकाचं माप बिघडतं, आणि जोर आला की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून चांगले कारागीर टोक उघडं ठेवतात, काळपट किंवा राखाडी. दांडा चमकतोय आणि टोक काळं आहे, हे बघून नवखा माणूस नग परत ठेवतो. मला मात्र ते काळं टोक बघितलं की बनवणाऱ्याविषयी विश्वास वाटायला लागतो.

पोलादाबद्दल जालन्यातल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. आपल्या मिलमधली टीएमटी सळई शेवटच्या स्टँडमधून हजार अंशांच्या आसपास तापलेली बाहेर पडते आणि तशीच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. वरची साल क्षणात थंड होऊन कडक बनते. गाभा अजून तापलेलाच असतो. पुढे कूलिंग बेडवर गाभ्याची उष्णता बाहेर येते आणि त्या कडक सालीचा ठिसूळपणा काढून टाकते. बाहेरून कडक, आतून लवचीक. पोलादाला पाणी देण्याचं आणि मग ते थोडं उतरवण्याचं हे तंत्र इथल्या शिफ्टमधला प्रत्येक जण रोज बघतो.

स्क्रूड्रायव्हरच्या पात्याचंही हेच शास्त्र, फक्त पोलाद वेगळं आणि प्रमाण नाजूक. सळईचं पोलाद वाकायला हवं, वेल्ड व्हायला हवं, म्हणून त्यात कार्बन मर्यादेत ठेवतात. पात्याच्या पोलादात क्रोमियम-व्हॅनेडियम मिसळतात, किंवा धक्का सोसणारं सिलिकॉनयुक्त एस-२ पोलाद वापरतात. ते तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेवर नेऊन कडकपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर साधारण ५२ ते ६० च्या दरम्यान आणतात. याहून मऊ ठेवलं की टोक पिळवटतं, जोर लावल्यावर जिलबीसारखं वळतं. याहून कडक ठेवलं की टवका उडतो, आणि तो टवका डोळ्याकडे येऊ शकतो. दोन्हींच्या मधली जागा अरुंद आहे, आणि ती साधणं हेच त्या कारखान्याचं कसब.

पेटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं ठळक छापलेलं असतं. त्यावर फार विसंबू नये. पोलाद कोणतं हे सांगणं सोपं आहे. त्याला पाणी कसं दिलं हे छापता येत नाही. ते कळतं वापरून, किंवा त्या कंपनीचा नग वर्षानुवर्षं वापरणाऱ्या मिस्त्रीला विचारून. एखाद्या जुन्या रिवाइंडिंगवाल्याच्या टेबलावरचा हत्यारांचा डबा पालथा करून बघावा. कोणत्या नावाचे नग टोकं शाबूत ठेवून टिकले आहेत, हे तो डबा सांगतो, आणि असा पुरावा कोणत्याही जाहिरातीहून मोलाचा.

आपल्याकडच्या अशा बहुतेक डब्यांत एक पारदर्शक हिरवी मूठ हमखास निघते. टपारियाची. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली ही कंपनी. १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने हत्यारं बनवायला सुरुवात केली. गेल्या अर्धशतकात महाराष्ट्रातल्या आयटीआयतून बाहेर पडलेल्या कितीतरी पोरांच्या हातात पहिलं स्वतःचं हत्यार म्हणून ही हिरवी मूठ आलेली आहे. मला ती आवडते, आणि त्यामागे नुसती सवय नाही. ती मूठ सेल्युलोज ॲसिटेटची असते. या प्लास्टिकवर तेल-ग्रीसचा फारसा परिणाम होत नाही, हातोडीचा चुकून बसलेला ठोका ते सोसतं, आणि पारदर्शक असल्यामुळे आत दांड्याचा किती भाग रुतला आहे ते दिसतं. मुठीत खोलवर गेलेला, पंख फुटलेला दांडा हा मुठीच्या प्रामाणिकपणाचा उघडा दाखला आहे. अपारदर्शक मुठीत काय आहे ते दांडा सुटून फिरायला लागल्यावरच कळतं.

हल्ली दुरंगी, मऊ रबराचं आवरण असलेल्या मुठी जास्त खपतात. हातात धरताच त्या छान वाटतात हे खरं. पॅनल जुळवणाऱ्या माणसाला, जो दिवसभर एकाच जागी बसून शेकडो टर्मिनलं आवळतो, त्याला त्या खरोखर सुखाच्या. पण मिलमध्ये, गॅरेजमध्ये, जिथे हाताला तेल आहे आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सगळंच तापतं, तिथे हलक्या प्रतीचं रबर काही काळाने चिकट होतं, त्यावर काजळी बसते आणि ती निघत नाही. तिथे कडक ॲसिटेटच बरं.

मुठीच्या बाबतीत एक गैरसमज जुना आहे. लांब स्क्रूड्रायव्हरने जास्त जोर लागतो असं भलेभले मानतात. पिळायचा जोर मुठीच्या जाडीवर ठरतो, दांड्याच्या लांबीवर नाही. हाताची ताकद तेवढीच, पण २५ मिलिमीटरच्या मुठीऐवजी ३५ मिलिमीटरची मूठ धरली तर स्क्रूला जवळजवळ दीडपट जोर मिळतो. लांब दांड्याचा फायदा वेगळा आहे: हात स्क्रूपासून दूर राहतो, मूठ जरा तिरपी झाली तरी टोकाचा कोन फारसा बदलत नाही, आणि खोल जागेत पोचता येतं. म्हणून चांगल्या संचात मूठ पात्यासोबत जाड होत जाते. बारीक टोकाला बारीक मूठ, म्हणजे नाजूक स्क्रूला नकळत जास्त जोर बसत नाही. जाड टोकाला भरदार मूठ. सगळ्या नगांना एकाच मापाची मूठ लावलेला संच दिसला तर बनवणाऱ्याने काटकसर केली, विचार नव्हे. मोठ्या नगांत मुठीखाली षट्कोनी उंचवटा असतो, तिथे पान्हा लावून जाम झालेला स्क्रू हलवता येतो. वर्कशॉपसाठी हा उंचवटा असलेला निदान एक नग घ्यावाच.

आता स्टार, म्हणजे फुलीचं टोक. इथे लोक सर्वांत जास्त फसतात, कारण सगळे स्टार सारखे दिसतात आणि ते सारखे नसतात.

कॅनडात रॉबर्टसनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच चौकोनी खाचेचा स्क्रू काढला होता आणि तो आजही गुणाने उजवा मानला जातो. पण जग जिंकलं ते अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या फुलीने. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन या माणसाची. फिलिप्सने ती विकत घेऊन सुधारली, १९३६ मध्ये पेटंटं मिळाली, आणि जनरल मोटर्सने कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत तिचा वापर सुरू केला. जुळणीच्या रांगेत वेळेला किंमत होती. चपटं टोक खाच शोधत बसतं. फुलीचं टोक स्वतःच मध्यावर जाऊन बसतं. या एका गुणावर फिलिप्सने सगळ्यांना मागे टाकलं. अवगुणही त्याच आकारात आहे. फुलीच्या भिंती उतरत्या आहेत, त्यामुळे जोर वाढला की टोक वर चढून बाहेर येऊ बघतं. म्हणून फिलिप्सचा स्क्रू काढताना अंगाचा भार टाकावा लागतो.

ही अडचण दूर करायला पोझिड्रिव्ह आला. त्यात फुलीच्या भिंती जवळपास सरळ केल्या, आणि ओळख म्हणून डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा दिल्या. आपल्या पॅनलमधल्या कितीतरी एमसीबी आणि कॉन्टॅक्टरच्या टर्मिनलवर या रेघा आहेत. जरा झुकून टॉर्चच्या उजेडात बघा. तिथे आपण वर्षानुवर्षं फिलिप्सचा दोन नंबर घालत आलो आहोत. तो बसतो, पण डुलतो. डुलणाऱ्या टोकाने पूर्ण जोर देता येत नाही, स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि घट्ट झालेला नसतो. लेखाच्या सुरुवातीला जो सैल टर्मिनल सांगितला, त्याचं मूळ अनेकदा या डुलण्यात असतं. म्हणून ज्याचं काम पॅनलचं आहे त्याने संचात पोझिड्रिव्हचा दोन नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पेटीवर ‘पीएच’ आणि ‘पीझेड’ ही अक्षरं वेगवेगळी लिहिलेली असतात.

गॅरेजवाल्याची गोष्ट निराळी. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, आणि तिच्यासारख्या जपानी घडणीच्या गाड्यांसोबत जपानी प्रमाणाचे स्क्रू खेड्यापाड्यांत पोचले. त्यांची फुली फिलिप्ससारखीच दिसते, पण तिच्या कोपऱ्यांची गोलाई वेगळी आहे. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत जात नाही. इंजिनच्या कव्हरचे स्क्रू आधीच ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले असतात, त्यात हे अर्धवट बसलेलं टोक, आणि शेवटी छिन्नी. ओसाकाच्या व्हेसलसारख्या कंपन्यांचे स्क्रूड्रायव्हर या जपानी मापाला बेतलेले असतात आणि ते साध्या फिलिप्समध्येही बरे चालतात. गॅरेजवाल्याने संच कुठलाही घ्यावा, त्यात जपानी मापाचा दोन आणि तीन नंबर वेगळा आणून ठेवावा. जोडीला हातोडीने ठोकला की आपोआप फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असला तर छिन्नीची पाळीच येत नाही.

फुलीच्या नंबरांचं गणित पाठच असावं. तीन मिलिमीटरच्या स्क्रूला एक नंबर, चार आणि पाचला दोन, सहाला तीन. वर्कशॉपमधल्या दहा स्क्रूंपैकी बरेचसे चार-पाच मिलिमीटरचे, म्हणून दोन नंबरचं टोक सगळ्यांत आधी झिजतं.

चुंबकी टोकाची हौस जालन्यात जरा आवरती घ्यावी. इतरत्र ती सोय आहे; स्क्रू टोकाला चिकटून अडचणीच्या जागेत जातो. पण रोलिंग मिलच्या हवेत तापल्या लोखंडाच्या खपल्यांची बारीक भुकटी सतत असते, आणि ती चुंबकाला धरते. थोड्याच वेळात टोकावर काळी दाढी उगवते. ती खाचेत गेली की टोक तळाला टेकत नाही. कॉन्टॅक्टरमध्ये पडली तर त्याहून वाईट. मिलमधल्या माणसाने चुंबकी नग एकच ठेवावा, तोही कापडात गुंडाळून, आणि रोजच्या कामाला साधे नग वापरावेत.

विजेच्या कामाविषयी मी कडक बोलणार आहे. प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे. ज्या नगावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं आहे, ज्याचा दांडाही टोकापर्यंत आवरणाने झाकलेला आहे, तोच विजेच्या कामाचा. आयईसी ६०९०० या प्रमाणात असा नग दहा हजार व्होल्टवर तपासलेला असतो. आपल्या शेतकऱ्यांचे पंप तीन फेजवर चालतात, दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, आणि स्टार्टरचं झाकण अनेकदा पहाटे, ओल्या पायांनी, वीज आली की नाही बघायला उघडलं जातं. त्या वेळी खिशात असतो तो निऑनचा टेस्टर. टेस्टर न पेटणं म्हणजे वीज नसणं असं धरून चालू नये. आतली कडी सुटली, माणूस कोरड्या लाकडावर उभा असला, ऊन लख्ख असलं तरी तो पेटलेला दिसत नाही. आणि त्याच टेस्टरने स्क्रू आवळण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्याचं पातं बारीक, मूठ नाजूक. जोराने ती चिरते, आणि त्या चिरेतून पुढे काय हाताला लागेल ते सांगता येत नाही. मुख्य स्विच पाडून, खात्री करून, मगच हत्यार लावावं. इन्सुलेटेड नग हा त्यानंतरचा आधार आहे, त्याऐवजीचा नाही.

उलट, ज्यात दांडा मुठीतून आरपार जाऊन मागे लोखंडी टोपीला भिडतो, तो ठोकायचा नग. गंजलेला स्क्रू हलवायला, रंग चढलेली खाच साफ करायला उत्तम. पॅनलच्या जवळपासही तो येता कामा नये. या दोन जातींचे रंग वेगळे ठेवणारं वर्कशॉप मला शहाणं वाटतं.

मग संच कसा असावा? माझ्या मते नऊ-दहा नगांत जालन्यातलं कुठलंही सर्वसाधारण वर्कशॉप चालतं. चपट्यांमध्ये ०.४ × २.५ आणि ०.६ × ३.५ हे दोन टर्मिनल ब्लॉकसाठी, तेही झाकलेल्या दांड्याचे. मग १ × ५.५ आणि १.२ × ६.५ रोजच्या कामाला, १.६ × १० एक, षट्कोनी उंचवट्याचा, मोठ्या जुन्या यंत्रांसाठी. फुल्यांमध्ये एक, दोन, तीन नंबर, आणि पॅनलवाल्याला पोझिड्रिव्हचा दोन. दोन नंबरचाच एक बुटका नग अडचणीच्या जागेसाठी. चाळीस बिटांची पेटी घरात ठीक आहे. वर्कशॉपमध्ये बिट धरणारी नळी जाड असते आणि ती कॉन्टॅक्टरच्या अरुंद भोकात शिरतच नाही. शिवाय पाळी संपताना पेटीत बिट किती आहेत ते कुणी मोजत नाही. मोठ्या संचात पैसे वाटले जातात, लहान संचात ते टोकांवर खर्च होतात. हे नऊ-दहा नग एकाच कंपनीचे असावेत असाही आग्रह नको. चपटे नाशिकचे, फुली जपानी, झाकलेले जर्मन, असा जमवलेला संच बऱ्याचदा विकतच्या पेटीहून सरस ठरतो.

परदेशी नगांना इतके पैसे का, असं विचारलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये एमेंटाल खोऱ्यातल्या वाझेन गावी पीबी स्विस टूल्स नावाचा कारखाना आहे. तो १८७८ साली गावच्या लोहारशाळेतून सुरू झाला. आज त्यांचे स्क्रूड्रायव्हर जगातल्या उत्तम नगांत मोजले जातात. त्यांची टोकं घासण्यातला नेमकेपणा खरोखर बघण्यासारखा आहे: सहा नग घेतले तर सहाही टोकं जुळ्या भावंडांसारखी सारखी. पैसे या सारखेपणाचे आहेत. रोज शेकडो टर्मिनलं आवळणाऱ्याला ते वसूल होतात. महिन्यातून दोनदा झाकण उघडणाऱ्याला टपारिया पुरून उरतो, आणि असं सांगताना त्याला काही कमी सांगतोय असं मला वाटत नाही.

दुकानात जाताना खिशात आपल्या यंत्रांचे तीन-चार स्क्रू घेऊन जावेत. काउंटरवर ते टोकावर लावून बघावेत. स्क्रू टोकावर बसवून स्क्रूड्रायव्हर आडवा धरला आणि साध्या, चुंबक नसलेल्या टोकावरही स्क्रू क्षणभर टिकला, तर जोडी जमली. दांडा काचेवर गडगडवून बघावा. वाकडा असेल तर टोक गोल गोल डोलतं. मग दोन नग शेजारी धरून टोकं मिळवून बघावीत. दुकानदार कुरकुर करणार नाही. जालन्यातला हार्डवेअरवाला गिऱ्हाइकाची नजर ओळखतो, आणि अशा गिऱ्हाइकासाठी आतल्या कप्प्यातला माल काढतो.

चपटं टोक झिजलं तर ते पुन्हा घडवता येतं. ग्राइंडरच्या चाकावर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत घासावं. चाकाच्या गोलाईमुळे ती किंचित खोलगट बाजूही आपसूक मिळते. घाई केली आणि टोक निळं पडलं की पाणी उतरलं, मग तेवढा भाग काढून टाकून पुन्हा सुरुवात. शेवटी कडेला ऑइलस्टोनवर काटकोन करून घ्यावा आणि खाचेत बसवून बघावं. फुलीच्या टोकाचं तसं नाही. तिचे पंख झिजले की ते घरी कुणालाच नीट घासता येत नाहीत, आणि झिजलेल्या फुलीने काढलेला प्रत्येक स्क्रू पुढच्या माणसासाठी खराब होऊन राहतो. त्यामुळे दोन नंबरचा स्टार घेताना सुरुवातीलाच दोन घ्यावेत, आणि पहिल्याचे पंख गोल दिसायला लागले त्याच दिवशी तो भंगारात टाकावा. जालन्यात तो भट्टीपर्यंत जायला वेळ लागत नाही.